आवाजाची विशेषणं: किनरा, घोगरा, गेंगाणा आणि बाकीची मंडळी

ऑडिओबुकसाठी आवाज शोधताना मागणी बहुतेक वेळा अशी येते: 'भारदस्त पण गोड हवा, जरा खर्जातला, घोगरा नको.' ती वाचून चार जण चार तऱ्हेचे नमुने पाठवतात, आणि चुकलेलं कुणीच नसतं. डॉक्टरांकडेही तेच. 'आवाज खराब झालाय' एवढंच सांगितलं, की पुढची दहा मिनिटं तो कसा खराब झालाय हे काढून घेण्यात जातात. मराठीत आवाजासाठी शब्द कमी नाहीत. अडचण अशी, की आपण पट्टी, पोत आणि घुमारा या तीन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो.

तिन्ही गोष्टी शरीरात तीन वेगळ्या कारणांनी ठरतात. फुफ्फुसातून वर येणारी हवा स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंमधून जाते आणि ते उघडझाप करतात. ही उघडझाप सेकंदाला किती वेळा होते, त्यावर पट्टी ठरते. मिटताना ते किती स्वच्छ मिटतात, त्यावर पोत. मग तो कच्चा आवाज घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांतून बाहेर पडतो, तिथे घुमारा मिळतो. कुठलंही विशेषण वापरण्याआधी ते या तिन्हींपैकी कशाबद्दल आहे एवढं विचारलं, तरी निम्मा गोंधळ संपतो.

आधी पट्टी

पुरुषाचं साधं बोलणं साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या उघडझापांच्या) आसपास असतं, बाईचं २०० च्या आगेमागे, लहान मुलांचं २५० च्या वर. गाणाऱ्यांच्या भाषेत, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्रमांकांत, सांगायचं तर काळी एक म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झ, काळी चार २०८ आणि काळी पाच २३३. पुरुष गायक काळी एक किंवा पांढरी दोनला षड्ज, म्हणजे सा, धरतात आणि बायका काळी चार-पाचला, ते याच कारणाने.

स्वतःची किंवा दुसऱ्याची पट्टी काढायला पेटी किंवा मोबाइलमधलं ट्यूनर पुरतं. 'गा' म्हणून सांगू नका. सांगितलं की माणूस पट्टी चढवतो. त्याऐवजी एक ते वीस आकडे सहज मोजायला लावा आणि दहाच्या पुढचे ऐका, कारण सुरुवातीचे आकडे परीक्षा दिल्यासारखे येतात. आणखी खात्रीची युक्ती म्हणजे गप्पांच्या ओघात आपसूक निघणारा होकाराचा 'हं'. तो जिथे उतरतो ती त्या माणसाची खरी जागा.

पट्टीबद्दलचे निखळ शब्द मराठीत थोडेच आहेत: वरच्या पट्टीतला, खालच्या पट्टीतला, टिपेचा, खर्जातला. त्यातही 'खर्जातला' सैल वापरला जातो. खर्ज म्हणजे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला षड्ज. काळी एकच्या पुरुषासाठी तो ७० हर्ट्झच्या खाली पडतो, आणि रोजच्या बोलण्यात एवढं खाली कुणी राहत नाही. 'खर्जातला आवाज' म्हणताना लोकांना बहुधा खालच्या पट्टीतला आणि घुमारा असलेला असं म्हणायचं असतं. तसं म्हणायला हरकत नाही, पण आवाज देणाऱ्याला 'खर्जात बोला' सांगितलं तर तो गळा दाबून पट्टी खाली ढकलतो. मग आवाज भारदस्त होण्याऐवजी करकरतो आणि वाक्याच्या शेवटची अक्षरं गिळली जातात. भारदस्तपणा हवा असेल तर पट्टीला हात लावू नये. वाक्यांच्या शेवटी दम पुरवायला सांगावं, वेग थोडा कमी करायला सांगावा.

वरच्या बाजूला तीन शब्द कायम एकमेकांच्या जागी टाकले जातात: किनरा, चिरका, किरटा. मी ते असे वेगळे ठेवतो. किनरा म्हणजे उंच आणि पातळ, पण अखंड. त्यात चीर नाही, तो सुरात असू शकतो. चिरका म्हणजे उंच जाताना ताणामुळे ज्याच्या कडा फाटतात तो. भांडणात चढलेला आवाज किंवा माइकशिवाय पटांगणावर ओरडणारे शिक्षक आठवा. किरटा उंच असतो, पण त्यात जोर नसतो. तिघांची पट्टी एकच असू शकते, फरक सगळा पोताचा आणि दमाचा. कर्कश मात्र या घरातला नव्हेच. खालच्या पट्टीतला माणूसही कर्कश बोलू शकतो. २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान फार तिखट असतो आणि तिथे आवाजाची ताकद बेसुमार वाढली की ती टोचते.

जोराचे शब्द आणखी घसरडे. 'बारीक आवाज' म्हणजे पातळ की हलका? 'बारीक आवाजात बोल, बाळ झोपलंय' यात तो हलका आहे, 'तिचा आवाज अगदी बारीक' यात पातळ. 'हळू बोल' म्हणजे सावकाश की कमी आवाजात? ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सूचना देताना 'हळू' हा शब्द टाळलेलाच बरा. 'वेग कमी' किंवा 'आवाज कमी' असं सरळ सांगावं. 'चढा' यात जोर, पट्टी आणि राग तिन्ही येतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. जोर वाढवला की पट्टी आपोआप वर जाते, त्यामुळे रागावलेला माणूस दोन्ही एकदम चढवतो.

घोगरा आणि त्याची भावंडं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जाड आवाज आणि घोगरा आवाज यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. जाड म्हणजे खालच्या पट्टीतला, भरलेला. त्याचे स्वरतंतू लांब आणि जाड असतात, पण नीट मिटतात. घोगरा म्हणजे ज्यात स्वराबरोबर खरखर किंवा हवेचा आवाज मिसळलाय तो. लहान मूल किनऱ्या पट्टीतही घोगरं असू शकतं, दिवसभर ओरडणारी मुलं असतातच.

आवाजाचे डॉक्टर आणि थेरपिस्ट कानाने तपासणी करताना एक मोजपट्टी वापरतात. ती जपानमध्ये तयार झाली आणि १९८१ च्या सुमाराला मिनोरू हिरानो या घशाच्या डॉक्टरांमुळे सगळीकडे रूढ झाली. तिच्यात पाच रकाने असतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण: एकंदर बिघाड, खरखर, सुटणारी हवा, अशक्तपणा, ताण. गंमत म्हणजे आपले शब्द या रकान्यांत छान बसतात. घोगरा हा पहिल्या रकान्याचा शब्द आहे, म्हणजे 'काहीतरी बिघडलंय' एवढंच तो सांगतो. खरखरीत, घरघरता हे दुसऱ्यातले. पिचका, क्षीण, 'खोल गेलेला' हे चौथ्यातले. चिरका, दाबलेला, आवळलेला हे पाचव्यातले. तिसऱ्यासाठी, म्हणजे ज्या आवाजात श्वास ऐकू येतो त्याच्यासाठी, मराठीत घट्ट बसलेला शब्द नाही. 'फुसका' जवळचा, पण त्यात हेटाळणी आहे. मी 'हवा सुटणारा' असं सरळ म्हणतो.

या भेदाला अर्थ आहे, कारण प्रत्येकामागचं कारण वेगळं असतं. खरखर येते ती दोन तंतू एकसारखे हलत नाहीत म्हणून: सूज, चिकट कफ, एका तंतूवरचा मऊ फोड. हवा सुटते ती तंतू पूर्ण मिटत नाहीत म्हणून. शिक्षक, फेरीवाले, गाण्याच्या शिकवण्या घेणारे यांच्यात दोन्ही तंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी येतात, त्यांच्या मागेपुढे फट राहते आणि आवाजात खरखर व हवा दोन्ही येतात. एका बाजूच्या तंतूचा लकवा झाला तर खरखर कमी आणि हवा फार. असा लकवा डाव्या बाजूला जास्त आढळतो, कारण डाव्या तंतूची नस छातीत उतरून महाधमनीला वळसा घालून परत वर येते आणि त्या लांबच्या वाटेत कुठेही दाबली जाऊ शकते. बरीच वर्षं विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे तंतू पाणी भरल्यासारखे फुगतात. तिथे मात्र आवाज खरोखर जाडही होतो आणि घोगराही, इतका की फोनवर बाईला 'साहेब' म्हटलं जातं. थायरॉइड कमी पडलं तरी पट्टी खाली उतरते. रोज सकाळी घोगरा आणि दुपारपर्यंत मोकळा, असं असेल तर रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्याची सवय आणि घशापर्यंत येणारं आम्ल यांचा विचार करावा.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. पोटभर श्वास घ्या आणि बोलण्याच्या पट्टीत, बोलण्याच्या जोरात, एका दमात 'आ' धरा. घड्याळ लावा. तीनदा करून सगळ्यात लांबचा धरा. निरोगी मोठ्या माणसाला १५ ते २५ सेकंद जमतं. १० च्या खाली आलं तर हवा वाया जातेय, किंवा मुळात छातीत कमी भरतेय. चूक कुठे होते? लोक गाण्याच्या आवेशात मोठ्याने सुरू करतात आणि अर्ध्या वेळेत दम संपवतात. किंवा उलट, कुजबुजीच्या काठावर नेऊन वेळ वाढवतात. दोन्ही निकाल निरुपयोगी.

डॉक्टरांना सांगताना विशेषणापेक्षा पाच-सहा गोष्टी उपयोगी पडतात: कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, बोलून बोलून वाढतं की कमी होतं, दम पुरतो का, वरची पट्टी गेली का, गिळताना दुखतं का. 'वरच्या पट्टीत हळू आवाजात गाता येत नाही, मोठ्याने येतं' हे एक वाक्य गाठींच्या संशयासाठी पुरेसं आहे. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तंतू पाहून घ्यावेत. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्याने तर एवढीही वाट पाहू नये.

'बसलेला' हा शब्द तात्पुरत्या घोगरेपणासाठी राखून ठेवावा. आवाज बसतो तेव्हा लोक दोन गोष्टी हमखास करतात आणि दोन्ही वाईट. एक, सारखा घसा खाकरतात. खाकरणं म्हणजे सुजलेले तंतू एकमेकांवर आपटणं. खाकरावंसं वाटलं की त्याऐवजी घोटभर पाणी गिळावं. दोन, जोर लावून कुजबुजतात. त्यातही गळा आवळलाच जातो, त्यापेक्षा मोकळ्या हलक्या आवाजात थोडकं बोलावं. ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाणी यांनी घशाला बरं वाटतं, लाळ सुटते, पण यातलं काहीही थेट स्वरतंतूंवर पडत नाही. गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं. तंतूंवर पडलंच तर ठसका लागतो. तिथपर्यंत पोचते ती वाफ.

आता भसाडा. भसाडा घोगरा असेलच असं नाही. त्यात बेतालपणा आहे: जोर जास्त, सूर नाही, पोत ओबडधोबड, आणि चढ-उतारावर ताबा नाही. भजनात सगळ्यांच्या वर ऐकू येणारा आणि कुठल्याच स्वरावर न थांबणारा. हा शब्द बायकांच्या जाड आवाजाला सर्रास चिकटवला जातो, ते मला पटत नाही. गायिका गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतला आवाज उंच, पातळ आहे. घशावरच्या उपचारांनंतर तो जाड आणि भारी झाला. नंतरच्या त्या आवाजाला मर्दानी म्हणा, भारदस्त म्हणा, पण त्यांचा प्रत्येक स्वर जागच्या जागी आहे. जाडपणा आणि भसाडेपणा यांतला फरक ऐकायचा असेल तर यापेक्षा चांगला धडा नाही.

नाकात बोलणं दोन प्रकारचं

'नाकात बोलतो', 'गेंगाणा' हे शब्द आपण दोन अगदी उलट गोष्टींना वापरतो. टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते, तो झडपेचं काम करतो. म, न, ण, ङ, ञ आणि अनुस्वार यांना तो खाली येतो आणि हवा नाकातून जाते. बाकी सगळ्या वर्णांना तो वर उचलला जाऊन नाकाचा रस्ता बंद करतो. झडप नीट बंद होत नसेल तर सगळंच बोलणं नाकातून येतं. फाटलेल्या टाळूत असं होतं, आणि नुसत्या सवयीनेही. दुसरीकडे सर्दीत किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या की रस्ता आधीच तुंबलेला असतो, आणि जिथे नाक लागतं तिथेही हवा जात नाही. तेव्हा 'मामा'चा 'बाबा' होतो आणि 'नाना'चा 'दादा'. सर्दी झालेल्याला 'नाकात बोलतो' म्हणणं म्हणूनच उलटं आहे. त्याला नाक मिळतच नाही.

ओळखायला दोन वाक्यं पुरतात. पहिलं, एकही अनुनासिक नसलेलं: 'राजा शाळेत गेला, आजीला पोळी दे.' हे आधी मोकळ्या नाकाने आणि मग चिमटीत नाक धरून म्हणायला लावा. आवाजात फरक पडला नाही तर झडप ठीक आहे. फरक पडला, म्हणजे नाकातून हवा गळत होती. दुसरं, अनुनासिकांनी भरलेलं: 'मामांना मनीमाऊ मानेना.' हे नाक धरल्यावर बदललंच पाहिजे. बदललं नाही तर नाक आधीपासूनच बंद आहे. आरशाने खात्री करता येते. पहिलं वाक्य चालू असताना छोटा गार आरसा किंवा स्टीलचा चमचा नाकपुड्यांखाली धरा आणि धूसर होतो का पाहा. वाक्य संपायच्या आत तो काढून घ्या. नंतरच्या साध्या उच्छ्वासानेही आरसा धूसर होतो आणि निष्पाप माणूस गेंगाणा ठरतो.

लिहिताना किंवा सूचना देताना मी पहिल्या प्रकाराला 'नाकातला' आणि दुसऱ्याला 'चोंदलेला' म्हणतो. अभिनयासाठी आवाज हवा असेल तर हा भेद आधी सांगावा. तिरकस, खवचट पात्राला 'नाकातला' शोभतो. 'चोंदलेला' आवाज लावला की प्रेक्षकांना पात्र आजारी वाटतं.

घुमारा आणि पल्ला

खणखणीत आणि पहाडी हे शब्द पल्ला सांगतात, नुसता जोर नव्हे. तंतू झटकन आणि पूर्ण मिटले की आवाजात वरचे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर, भरपूर तयार होतात. तोंड आणि घसा मोकळा असेल तर ते कानाच्या त्या तिखट पट्ट्यात पोचतात, आणि गर्दीतून, ढोलकी-हलगीच्या वरून शब्द ऐकू येतात. शाहीर अमर शेखांच्या आवाजाला पहाडी म्हणतात ते या अर्थाने. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये तो मागच्या रांगेपर्यंत पोचायचा. घुमारेदार किंवा घनगंभीर आवाजात ताकद खालच्या भागात जास्त असते. तो छोट्या खोलीत, गाभाऱ्यात, हेडफोनवर छान लागतो, पण मोकळ्या मैदानात विरतो. निवेदनासाठी घुमारेदार, पोवाड्यासाठी खडा, असं जे जुने लोक सांगतात त्यामागे हेच आहे.

गाणाऱ्यांचा आणखी एक शब्द म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमक्या जागी आणला की तार घोडीला हलकी स्पर्शत राहते आणि झणकार उमलतो. त्या जागेला जवारी म्हणतात. आवाजाला जवारी आहे म्हणजे त्यातही तसेच उपस्वर खुले आहेत. हा शब्द गाण्याबाहेर ओढू नये. बातम्या वाचणाऱ्याच्या आवाजाला जवारी म्हणण्यात काही हशील नाही. ठसकेबाजचंही तसंच. तो आवाजाचा गुण नाही, शब्द फेकण्याचा आहे: कुठल्या अक्षरावर वजन, कुठे अचानक तोडणं. किनऱ्या आवाजातली लावणीसुद्धा ठसकेबाज होते.

सारखे दिसणारे शब्द

काही जोड्या लिहिताना तपासून घ्याव्यात. जाड आवाज कायमचा असतो, जड आवाज झोपेने, रडण्याने, औषधाने तेवढ्यापुरता होतो. भारदस्त वेगळा, भरून आलेला वेगळा. 'आवाज खोल गेला' म्हणजे आजाराने, उपासाने विहिरीतून आल्यासारखा क्षीण झाला. जाड, भारी आवाजासाठी हल्ली 'खोल आवाज' लिहितात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पैलवानाऐवजी पेशंट उभा राहतो. कापरा आणि कातर यांतही अंतर आहे. कापरा म्हणजे सेकंदाला चार-आठ वेळा हलणारा, थंडीने, भीतीने, वयाने किंवा मेंदूच्या विकाराने. कातर म्हणजे भावनेने पातळ झालेला, तुटेल असं वाटणारा पण न तुटलेला. ऐंशीच्या आजोबांचा आवाज कापरा असतो, निरोप घेणाऱ्या आईचा कातर.

वयाबद्दल एक गफलत कथांमध्ये फार दिसते. म्हातारपणी आवाज जाड होतो असं सरसकट लिहिलं जातं. पुरुषांचा उलट थोडा वर चढतो, कारण तंतू बारीक होतात. बायकांचा खाली येतो. मुलांचा आवाज फुटतो तेव्हा, म्हणजे बहुधा बारा ते पंधराच्या दरम्यान, तो सुमारे एक अख्खं सप्तक खाली उतरतो आणि मधले काही महिने दोन पट्ट्यांमध्ये घसरत राहतो. मुलींचाही उतरतो, पण दोन-तीन सुरांनी, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. विशीतला तरुण अजून मुलीसारख्या पट्टीत बोलत असेल तर त्याला चिडवण्यात अर्थ नाही. स्वरयंत्राची वाढ झालेली असते, सवय जुनी राहिलेली असते, आणि थेरपीच्या थोड्या बैठकांत बहुतेकांचा आवाज उतरतो.

मधाळ, रेशमी, मंजुळ हे शब्द ऐकणाऱ्याला काय वाटलं ते सांगतात. प्रेमपत्रात चालतील. आवाज निवडताना त्यांच्या जागी 'मधली पट्टी, पोत स्वच्छ, शब्दांच्या सुरुवाती मऊ' असं लिहिलं की हवं ते मिळतं.

नमुना कशावर ऐकताय तेही पाहा. साध्या फोन कॉलवर जुन्या पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो. पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याखाली असल्यामुळे जाड आवाज फोनवर पातळ लागतो. फोनवर ऐकून 'भारदस्त नाही' ठरवू नये. माइकचा खेळ उलटा. एकाच दिशेने आवाज पकडणारा माइक ओठांपासून चार-पाच सेंटीमीटरवर आला की खालचे स्वर फुगतात आणि कुठलाही पुरुष निवेदक वाटू लागतो. नमुने मागवताना अंतर १५ ते २० सेंटीमीटर, माइक ओठांच्या जरा बाजूला, खोलीत पंखा बंद, आणि मजकूर सगळ्यांना एकच द्यावा. त्यात किमान एक लांब वाक्य, एक प्रश्न आणि एक म-न ने भरलेली ओळ असावी.